पोचल्याची सही

आमच्या ऑफिसात उमाजीराव बिरादारांच्या समोरच्या टेबलावर मी एकोणीस वर्षं बसते आहे. माझा नवरा रेल्वेत, त्याची ड्यूटी फिरती. त्यामुळे नवऱ्यापेक्षा उमाजीरावांचं तोंड मी जास्त तास पाहिलं असेल. माणूस चांगला आहे. पण चांगल्या माणसांचाही वैताग येतो, आणि मला तो रोज येतो, हे आधीच सांगून टाकते.

ऑफिस आमच्या चारमिनारच्या शहरात, आबिड्सला, पोस्टाच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर. आमची कंपनी मिरगीच्या गोळ्यांना लागणारी भुकटी बनवते. कारखाना पटणचेरूच्या पुढे, आणि माल जातो बावीस देशांत. तिथे त्याच्या गोळ्या होतात. आपला ड्रम वेळेवर पोचला नाही तर कुठल्या तरी गावात कुणाचं तरी लेकरू शाळेत फिट येऊन पडणार, असं उमाजीरावांनी मनाशी धरलेलं आहे. ट्रक कधी निघायचा, माल कोणत्या जहाजावर चढायचा, जहाज चुकलं तर शमशाबादहून विमानाने किती ड्रम धाडायचे, हे सगळं ते ठरवतात. नव्या मालकांनी त्यांना ‘हेड, ग्लोबल सप्लाय चेन’ अशी पितळी पाटी करून दिली. पंख्याने कागद उडतात म्हणून ती पाटी ते कागदांवर आडवी ठेवतात.

स्वतः उमाजीराव मुंबईच्या पलीकडे गेलेले नाहीत. त्यांच्याकडे पासपोर्टसुद्धा नाही. पण ब्राझीलमध्ये कार्निव्हलच्या दिवसांत कोणतं काम अडतं, चीनमध्ये नवीन वर्षाला कारखाने कधी बंद होतात, आफ्रिकेत मोंबासाला पाऊस कधी लागतो, हे त्यांना पाठ. लाल समुद्रात जहाजांवर हल्ले व्हायला लागले आणि सगळी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा आमच्यासारख्या कित्येक कंपन्यांचे लोक डोकं धरून बसले होते. उमाजीरावांनी त्याआधीच दोन कंटेनर जास्तीचे हॅम्बुर्गला नेऊन ठेवले होते. तुम्हाला कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणाले, “काय की बा. जिवाला चैन पडंना गेलं.” मात्र काचीगुड्यात त्यांच्या घरासमोरच्या दारात कोण राहतं ते विचारा. “चष्मेवाले आहेत कोणी तरी.” त्या चष्मेवाल्यांना तिथे येऊन बारा वर्षं झाली.

त्यांचा नियम एकच. माल पोचला असं जहाज कंपनीने सांगितलं, एजंटाने सांगितलं, कॉम्प्युटरवर हिरवी खूण आली, तरी तो पोचला नाही. घेणाऱ्या माणसाने सही केली आणि त्या सहीचा कागद उमाजीरावांनी डोळ्यांनी पाहिला, की मग पोचला. एकदा मोंबासाच्या एजंटाने माल पोचल्याचं कळवलं, पण सही काही येईना. उमाजीरावांनी चार दिवस फोन करकरून त्या माणसाचा जीव खाल्ला, तेव्हा कळलं की साठ ड्रम एका शेडबाहेर उघड्यावर पडले आहेत. तेव्हापासून सहीपुढे त्यांना देवही खोटा.

बरं, सह्या ते नुसत्या बघत नाहीत. हॅम्बुर्गच्या गोदामात एक म्हातारे गृहस्थ सही करायचे. एक दिवस तो कागद माझ्यापुढे धरून उमाजीराव म्हणाले, “ज्योतीबाई, ह्यांचा हात थरथरलाय. बिमार आहेत.” मी म्हटलं, थंडी असेल. दोन आठवड्यांनी दुसऱ्याच माणसाची सही आली, आणि सोबत निरोप, की जुन्या माणसाला अर्धांगाचा झटका आलाय. उमाजीरावांनी त्यांना बरं वाटावं म्हणून इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आणि त्या दिवशी डबा उघडला नाही. मला इतका राग आला! मी समोर बसून दोन दिवस तापाने फणफणत होते, तेव्हा हाच माणूस “चहा घ्या” एवढं बोलून गप्प झाला होता.

सुशीलाबाई, म्हणजे त्यांच्या मिसेस, होत्या तोवर या गप्पपणाचं काही वाटायचं नाही. त्या उदगीरकडच्या, बोलक्या. दुपारी एकला ऑफिसात फोन करून “जेवलाव का?” विचारायच्या. उमाजीराव “हौ” म्हणून फोन ठेवायचे. यांचा सगळा संसार त्या एका ‘हौ’वर चाललाय, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचे. मुलगा ओमकार शिकायला म्हणून अमेरिकेत गेला आणि डॅलसला नोकरीला लागला. त्याच्याशी रोज बोलायच्या त्या सुशीलाबाईच. आमटीचा येसर मसाला, शेंगदाण्याची चटणी, तिळाच्या पोळ्या, असं काय काय त्याला पाठवायच्या. बापलेकांना एकमेकांची जी खबर मिळायची ती त्यांच्याच तोंडून.

दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, सुशीलाबाई सहा दिवसांत गेल्या. चौथ्या दिवशी ओमकारने फोन करून सांगितलं, मी निघतो. उमाजीराव तेव्हा हॉस्पिटलच्या बाहेर स्कूटरवर बसून होते. त्यांनी तिथेच सगळं शोधून काढलं. विमानं कोणती चालू, कोणती बंद. भारतातून जाणाऱ्यांना अमेरिकेने दार लावून घेतलेलं. व्हिसाचं ऑफिस कधी उघडेल ते कोणालाच माहीत नाही. पोरगा आला तर कित्येक महिने परत जाता येणार नाही, आणि मग नोकरी जाणार. त्यांनी त्याला सांगितलं, “येऊ नक्को. अडकशील. हितं मी आहे.” हिशोब बरोबर होता. नंतर मी तो स्वतः तपासून पाहिला आणि मला त्यात एकही चूक सापडली नाही. ओमकार आला नाही. आईचं सगळं त्याने फोनवर पाहिलं.

त्यानंतर त्याचा फोन दसऱ्याला आणि दिवाळीला. दोन दोन मिनिटं.

पुढच्या वर्षी उमाजीरावांनी ओमकारला दर महिन्याला पेटी पाठवायला सुरुवात केली. काचीगुड्यातल्या एका बाईंकडून येसर करून घ्यायचे. चटणी मात्र स्वतः कुटायचे. मग पहिल्या शनिवारी सगळं घेऊन सुलतान बाजारात. तिथे अमेरिकेला लोणची-मसाले धाडणारी दुकानं आहेत. हवा काढून पाकीट बंद करतात, पेटी भरतात, आठवड्याभरात सामान तिकडच्या दारात. पेटी घेणाऱ्याने केलेली सही दुकानाकडून उमाजीरावांच्या मेलवर यायची. ती ते ऑफिसच्या प्रिंटरवर छापायचे. आयुष्यात त्यांनी कंपनीचं काही खाल्लं असेल तर ते महिन्याला एक कागद.

“बघा, ओमकार,” कागद माझ्यासमोर धरून म्हणायचे. “बरा आहे. घाईत आहे, पण बरा आहे.”

“अहो, फोन करून विचारा की, आवडलं का म्हणून.”

“कायको? घेतलंय न. नको असतं तर घेतलं नसतं. ज्याला माल नको तो दारातून परत करतो.”

असे दहा महिने गेले, दहा सह्या आल्या. अकराव्या महिन्यात, म्हणजे तेवीस सालच्या ऑगस्टमध्ये, कागद छापून आला आणि उमाजीराव तो हातात धरून बसूनच राहिले. मग उठून माझ्या टेबलाशी आले. सही ओमकारची नव्हती. मोठी, गोल, सावकाश केलेली, नावाची नुसती दोन अक्षरं, पण जागच्या जागी.

आता जे झालं त्यात दोष माझा आहे. मी बँकेला जायचे कागद लावत होते, मान वर करून एकदा बघितलं आणि म्हटलं, “ही बाईची सही आहे. सून आणलेली दिसते पोराने, आणि तुम्हाला पत्ता नाही!” गंमत म्हणून म्हटलं. परत कागदात डोकं घातलं. उमाजीरावांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले. “ज्योतीबाई, तीच आहे.” त्याच्या पुढच्या महिन्यातही तीच. त्या एका सहीवरून माणसाने अख्खी सून उभी केली. सही घाईची नाही, म्हणजे शांत आहे. अक्षर सुटं, म्हणजे शिकलेली. शाळेत शिकवत असेल. पेटीत हिंगाची डबी जायला लागली, कारण तिकडच्या पोरींना चांगला हिंग कुठला मिळायला. मग कुंकू गेलं. मग एकदा मला विचारलं, “पोरींना काय आवडतं ओ?” इतक्या वर्षांत या माणसाने मला पहिल्यांदा कामाबाहेरचं काही विचारलं होतं. मी त्यांना चारमिनारजवळच्या लाखेच्या बांगड्या सांगितल्या. त्या आणायला ते एका रविवारी एकटे जाऊन आले आणि सोमवारी मला दाखवायला घेऊन आले. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, मलाही मजा वाटायला लागली होती.

अधूनमधून मी म्हणायचे, “ओमकारला सरळ विचारून टाका ना.”

“सांगंल त्याच्या मनानं. त्याच्या मायच्या वेळेला मीच त्याला थांबवलो. आता याच्यात मी विचारणारा कोण?”

दिवाळीला ओमकारचा फोन आला. ठीक आहात ना, ठीक आहे, तब्येत सांभाळा. त्याने काही सांगितलं नाही, यांनी काही विचारलं नाही. पेट्या मिळतात का, हे विचारायची तर यांना गरजच नव्हती. सही येत होती ना.

चोवीस सालच्या दिवाळीला सुशीलाबाईंची नारायणपेठ साडी गेली. आंबा रंगाची, जांभळ्या काठांची. हेसुद्धा मीच सुचवलं. सासूची साडी सुनेला जाते, असं म्हटलं. दुकानात मी स्वतः तिची घडी घातली, मध्ये पातळ कागद घातला. आठ दिवसांनी सही आली. उमाजीराव कागदाकडे बघून म्हणाले, “घेतली.” आणि दुपारी मला त्यांनी स्वतःच्या पैशाने चहा आणि उस्मानिया बिस्किटं मागवली.

जानेवारीत संक्रांत होऊन गेल्यावर सुलतान बाजारच्या दुकानातून फोन आला. तुमच्या नावची एक पेटी परत आलीय. आम्हाला वाटलं पत्ता चुकला असेल. उमाजीराव जाऊन ती घेऊन आले आणि टेबलावर उघडली. आत साडी होती, माझ्याच घडीत, आणि एक पत्र.

पत्र इंग्रजीत होतं, हाताने लिहिलेलं. पत्र लिहिणाऱ्या बाईंचं वय बहात्तर. डॅलसच्या त्या घरात त्या तेवीस सालच्या जुलैपासून भाड्याने राहत होत्या, एकट्या. आधीचा भाडेकरू कोण, कुठे गेला, त्यांना माहीत नव्हतं. पहिली पेटी आली तेव्हा त्यांना वाटलं, मुलीने पाठवली असेल. मुलगी म्हणाली, नाही. मग परत कशी करायची ते त्यांना कळेना, आणि पुढच्या महिन्यात दुसरी आली. शेंगदाण्याची चटणी त्या ब्रेडला लावून खायच्या. मसाल्याचं काय करायचं ते समजलं नाही, पण वास चांगला होता म्हणून ठेवून दिला. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दारावरची बेल वाजेल, याची त्यांना सवय झाली होती, आणि याबद्दल त्यांनी माफी मागितली होती. पण साडी ठेवणं त्यांच्याच्याने होईना. ती कुणीतरी पुष्कळ वर्षं नेसलेली आहे, हे घडीवरून कळतं, असं लिहिलं होतं. खाली सही. मोठी, गोल, सावकाश केलेली.

उमाजीरावांनी पत्र दोनदा वाचलं.

“तीच आहे,” म्हणाले. पत्राची घडी घातली. “अठरा पेट्या, ज्योतीबाई. अठरा पेट्या चुकीच्या दारात गेल्या आणि मी सही बघत बसलो.”

सून नव्हतीच. ओमकार कुठे राहतो तेही आम्हाला माहीत नव्हतं. दुनियेतला एकेक ड्रम कुठे आहे हे सांगणाऱ्या माणसाला स्वतःचा पोरगा दीड वर्षं कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, आणि मी त्या पोराच्या न झालेल्या बायकोसाठी बांगड्या सुचवत होते. मला स्वतःची लाज वाटली. “आत्ताच्या आत्ता फोन लावा त्याला,” मी म्हटलं. उमाजीरावांनी नुसती मान हलवली. नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मीच लावला, जिन्यात उभी राहून. त्याचा नंबर सुशीलाबाई असल्यापासून माझ्याकडे होता. तिकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मी नाव सांगितलं तसा तो पहिल्यांदा म्हणाला, “बाबा ठीक आहेत ना?”

“ठीक आहेत. तू घर कधी बदललंस?”

“दीड वर्ष झालं, आंटी.”

“आणि सांगितलं नाहीस?”

“ले-ऑफ झाला माझा. टू मंथ्समध्ये दुसरा जॉब मिळाला, सेंट लुईसला, म्हणून मूव्ह झालो. बाबांना काय सांगू? जो जॉब वाचवायला मम्मीच्या वेळी आलो नाही, तोच गेला, हे सांगू?”

मी जो आवाज चढवून तयार ठेवला होता तो कुठल्या कुठे गेला. तरी विचारलं, “आणि सामान? इतके महिने सामान आलं नाही, एकदा विचारावंसं नाही वाटलं?”

“मला वाटलं, बाबांनी बंद केलं. रागावले असतील. दिवाळीला दोन वेळा बोललो आम्ही, त्यांनी एकदाही विचारलं नाही, मिळतंय का म्हणून. आय वॉज वेटिंग, आंटी. विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.”

“लग्नबिग्न केलंस का रे?”

“नो, आंटी! एकटाच असतो मी.”

रागवायला आता कोणी उरलंच नव्हतं. पत्ता लिहून घेतला आणि वर जाऊन उमाजीरावांना सगळं सांगितलं, नोकरी गेल्याचंही. लपवाछपवी करून काय झालं ते मी पाहिलंच होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “पत्ता दिला का?” एवढंच विचारलं. मी चिठ्ठी पुढे केली. “सेंट लुईस,” त्यांनी वाचलं. “मिसिसिपीवर आहे. तिथून धान्याच्या नावा जातात.” आणि दिवसभर कामाला लागले. संध्याकाळी सात वाजता माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “जरा सुलतान बाजारला येताव का?”

दुकानात गर्दी होती. मुलांना, सुनांना, नातवंडांना धाडायला आलेले म्हातारे-म्हाताऱ्या, प्रत्येकाच्या हातात पिशव्या. उमाजीरावांच्या हातात काहीच नव्हतं. दुकानदाराने रिकामी पेटी काउंटरवर ठेवली, नवा पत्ता चिकटवला आणि आत काय काय जाणार ते लिहायला पेन उघडलं. उमाजीराव माझ्याकडे वळले.

“काय घालू ओ?” त्यांनी मला विचारलं.

“नेहमीचंच की. येसर, चटणी.”

“ते सुशीलानं ठरवलेलं आहे. बारा वर्षांखाली घरातनं गेला त्या पोराचं. आता काय खातो, काय माहीत.” सुशीलाबाईंचं नाव त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदा घेतलं. “बावीस गिऱ्हाइकं आहेत माझी, ज्योतीबाई. कोणाला काय लागतं ते झोपेत विचारा.”

“मग यालाही विचारा. आत्ता. लावा फोन.” मी अशा आवाजात बोलले की शेजारच्या बाई वळून बघायला लागल्या.

त्यांनी फोन लावला. आमच्याकडे रात्रीचे आठ, म्हणजे तिकडे सकाळचे साडेआठ. गलक्यात ऐकू येईना म्हणून त्यांनी स्पीकर चालू केला.

“बाबा?”

“हौ. मी. तुला काय पाठवू?”

“काही पण पाठवा, बाबा.”

“काही पण म्हणजे?”

“म्हणजे... इथे सगळं मिळतं तसं.”

मला वाटलं, आता हे ‘हौ’ म्हणणार आणि फोन ठेवणार. पण त्यांनी फोन तोंडाजवळ घेतला.

“ओमकार, तवा मी तुला येऊ नक्को म्हणलो.”

त्यांनी पेटीवरच्या नव्या पत्त्यावर बोट ठेवलं.

“हिशोब बराबर होता माझा. पर तुला बोलवाय पाहिजे होतं. अडकला असतास तर अडकला असतास. नोकरी गेली असती तर गेली असती. तुझी माय होती ती. मी चुकलो बाबा.”

दुकानदाराने पेन खाली ठेवलं. तो तेलुगू माणूस, त्याला किती कळलं कोण जाणे. फोनमधून ओमकारचा श्वास ऐकू येत होता. मागे कोणीतरी त्याला इंग्रजीत हाक मारली. “बाबा,” तो म्हणाला. “आत्ता मीटिंग आहे माझी. संध्याकाळी करतो. ऑफिसातून आलो की करतो. पक्का.”

“कर,” उमाजीराव म्हणाले.

पेटी त्यांनी तशीच दुकानात ठेवायला सांगितली. उद्या विचारून सांगतो म्हणाले.

घरी जाऊन माझं कशात लक्ष लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिकंदराबादहून नेहमीपेक्षा लवकर मेट्रो पकडली आणि ऑफिसला न जाता काचीगुड्याला त्यांच्या घरी गेले. आठ वाजले होते. उमाजीराव अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून खिडकीशी खुर्ची घेऊन बसले होते. तिथे रेंज चांगली येते. फोन समोर स्टुलावर, चार्जरला लावलेला. शेजारी चहाचा कप, वर साय आलेला.

“कधीपासून बसलात?”

“तिकडं पाच वाजले तवापासून.” म्हणजे आमचे पहाटेचे साडेचार.

“मग?”

“आता साडेआठ झाले त्याला. घरी येऊन स्वयंपाक करत असंल. एकटा आहे न. वेळ लागतो.”

मी तो चहा ओतून टाकला आणि दुसरा केला. तो त्यांनी प्यायला. मला ओमकारचा असा संताप आला होता की मी पर्समधून माझा फोन काढला. उमाजीराव म्हणाले, “नक्को. त्याला त्याच्या मनानं करू द्या.” मी फोन परत आत टाकला. आम्ही दोघं बसलो. 

सव्वानऊला फोन वाजला. मी खुर्चीतून उठलेच. चेन्नईचा एजंट होता. उमाजीरावांनी त्याला दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि म्हणाले, मी नंतर करतो, लाइन मोकळी ठेवायचीय.

साडेनऊ झाले. “जेवला असंल,” ते म्हणाले. दहा झाले. “भांडी घासत असंल.” समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडल्याचा आवाज आला, कोणीतरी जिना उतरून गेलं. फोनची काच काळी होती. ती मध्येच उजळते का म्हणून मी बघत होते, आणि तेही बघत होते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

पावणेअकराला ते उठले.

“सव्वाअकरा झाले तिकडं,” उमाजीराव म्हणाले. “झोपला असंल आता.” आणि त्यांनी चार्जरची वायर काढून नीट गुंडाळून ठेवली.